वरचा कापूस

धरणगावच्या पतपेढीत सर्व्हरची खोली
म्हणजे पूर्वीचं बारदानघर.
अजून गोणपाटाचा वास येतो एसीच्या वाऱ्याला.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
आत मी, आणि सैंदाणे सरांचा प्रोग्राम,
सत्त्याण्णव सालचा.
टिपणं रोमन अक्षरांत, पण अहिराणी:
आठे मीठ टाकानं.

पासवर्ड कुठंच लिहून ठेवायचा नाही.
त्यात दोन अक्षरं मिठाची घालायची,
पंचवीस वेळा दळायचा
आणि फक्त पीठ जपायचं,
पिठावरून दाणा कुणाला ओळखू येऊ नये.
हॅश म्हणजे एवढंच. सरांना ते नीट कळलं होतं.

फक्त मीठ कुठलं, हे विचारायचं राहिलं.
चौसष्ट अक्षरं चालतात:
टिंब, तिरपी रेघ, दहा आकडे,
इंग्रजी लहान-मोठी बावन्न.
पण हा काहीही घेतो.
एकच अक्षर दिलं, तर दुसऱ्यासाठी
भिंतीपलीकडे हात घालतो, शेजारच्या घरात,
आणि जे हाताला लागेल ते मीठ समजतो.
सत्तावीस वर्षं. तक्रार एकही नाही.

आबा जिनिंगमध्ये ग्रेडर होते.
गाडी आली की बाही सरकवून
खांद्यापर्यंत हात खुपसायचे ढिगात.
'वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा,' म्हणायचे.
आतून ओल निघायची, कवडी निघायची,
एकदा मुठीएवढा गोटा.
रेच्यात गेला असता तर ठिणगी,
आणि ठिणगीनंतर काय, ते गावाला माहीत होतं.
आबा कुणाला चोर म्हणाले नाहीत.
गोटा टेबलावर ठेवला,
आणि पुढच्या गाडीकडे गेले.

मी नऊ ओळी लिहिल्या.
दोन अक्षरं आहेत का?
दोन्ही चौसष्टांतली आहेत का?
नसतील तर दळूच नकोस. रिकाम्या हाताने परत ये.

सोमवारी दहा वाजता काउंटरचा पडदा काळा पडला.
नऊ ओळींचा दोष नव्हता.
ज्याने दळायला पाठवलं होतं
त्याला नाही ऐकायची सवयच नव्हती.
परत आलेल्या रिकाम्या हातालाच
तो पीठ समजून पाखडायला बसला
आणि कोसळला.
मग त्यालाही शिकवलं:
आधी बघ, हातात काही आहे का.

दुपारपर्यंत सगळे आत गेले. एक राहिले.
झुलाल बडगुजर, वजनकाट्यावरचे.
'हाऊच पासवर्ड शे मना. आते काय व्हयनं?'
त्यांची नोंद उघडली. मिठाच्या जागी
दोन मोकळ्या जागा.
सरांनी पहिल्या दिवशी चाचणी म्हणून
लांब बटण दोनदा दाबलं असेल,
मग चहा आला असेल.
माणूस खरा होता, पासवर्ड खरा होता,
मीठ तेवढं कुणी चाखलं नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, त्यांच्यापुरती ती ओळ काढून टाका ना.
नाही काढली.
झुलालआप्पांना खुर्ची दिली, पासबुक पाहिलं,
सही ताडली, नवीन मीठ घातलं,
आणि म्हटलं, आता तुम्ही नवा शब्द टाका.
मी भिंतीकडे तोंड केलं.

एका बोटाने, सावकाश. टक. टक.
काट्यावर वजन ठेवावं तशी एकेक कळ.
अकरा मोजल्या मी.

आणि हा जुना प्रोग्राम
आठाच्या पुढचं ऐकतच नाही.
शेवटची तीन अक्षरं
त्यांनी दारावर ठेवली, दार मिटल्यावर.
ते समाधानाने उठले. 'बरं शे,' म्हणाले.
मी काही बोलले नाही.
वहीत लिहून घेतलं, आबांच्या गोट्यासारखं,
सगळ्यांत वर:
आठ.